नवरी तुझ्या हातची

"नख लावू नकोस गं तिला. चिमटीत धर आणि देठासकट घे," मामी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडली. तिच्या हातात किसणी होती आणि लक्ष सगळं माझ्या बोटांवर.

"नाही लावत. नखं कालच काढलीत."

"आणि उद्याचीही पानं आजच खुडून ठेव. उद्या द्वादशी. उद्या तिला हात लावायचा नाही, लग्न आहे तिचं."

"माहीत आहे की मामी. दरवर्षी काय सांगतीस?"

"यंदा आपल्या अंगणात आहे, म्हणून सांगते. चार बायका बघणार. शालनच्या घरात द्वादशीला तुळस तोडतात म्हणून गावभर झालं म्हणजे?"

मी हसले. त्या दिवशी मला कशाचंही हसू येत होतं. कार्तिकी एकादशी होती, निपाणीच्या स्थळाचा होकार येऊन आठवडा झाला होता आणि गल्लीतल्या बायका मला नळावर पाणी भरू देत नव्हत्या. "नवरीनं कळशी उचलू नये," म्हणायच्या आणि माझी कळशी मुद्दाम जड भरून द्यायच्या.

गडहिंग्लजमधलं मामाचं घर म्हणजे पुढं दोन खोल्या, मागं स्वयंपाकघर आणि त्याच्या मागं अंगण. घरापेक्षा अंगणच मोठं. मामा एस.टी. डेपोत मेकॅनिक. त्याचे रिकामे पत्र्याचे डबे घरी आले की मामी त्यांना तळाला भोकं पाडायची आणि तुळशी लावायची. पांढरी, काळी, कापराच्या वासाची, सगळ्या जातींच्या. गल्लीत कुणी शिंकलं तरी मामीचं पातेलं स्टोव्हवर चढायचं. आलं, गवती चहा, चार मिरी, गूळ. तुळस मात्र उकळायची नाही. पातेलं खाली उतरवल्यावर पानं टाकायची आणि ताट झाकायचं. "उकळलीस तर नुसतं हिरवं पाणी पिशील," हे मी इतक्यांदा ऐकलं होतं, की आजही माझ्या स्वयंपाकघरात सून तुळस आधी टाकायला गेली की माझ्या तोंडून मामी बोलते.

मी मामाची भाची. आजऱ्याकडच्या आमच्या गावी मी तिसरी मुलगी झाले तेव्हा घरात कुणी साखर वाटली नाही. मामा-मामीला मूल नव्हतं. मी पाच वर्षांची असताना मामीनं माझ्या आईपुढं पदर पसरला आणि मला घेऊन आली. वैजयंती हे मोठं नाव तिनं गावातच ठेवलं, इकडं मी वैजू झाले.

आता आमच्या गल्लीची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तुळशीचं लग्न गल्लीत एकच, सगळ्यांचं मिळून. वृंदावन कुणाचंही असो, कन्यादानाला बसायचा मान ज्या जोडप्याला मुलगी नाही त्याचा. ज्याच्या घरात लेक आहे तो त्या पाटावर बसत नाही. स्वतःची कन्या असताना दुसरीचं दान कशाला, असा हिशेब. मी येईपर्यंत वर्षानुवर्षं हा मान मामा-मामीचाच होता. मी आले त्या वर्षी बायका मामीला बोलवायला आल्या, तेव्हा मामीनं मला कडेवर घेतलं आणि दारातच म्हणाली, "आता मी कशी बसू? माझी लेक आहे की ही. आता हिचंच कन्यादान करणार आम्ही."

मला ते आठवतं असं मी म्हणते, पण खरं तर शेजारच्या चव्हाणकाकूंनी ते मला इतक्या वेळा सांगितलंय, की आठवतंय असं वाटतं. तेव्हापासून कन्यादानाला चव्हाणकाका-काकू बसायचे. त्यांना दोन मुलगेच. मला शाळेत कुणी "तू त्यांची खरी मुलगी नाहीस" असं चिडवलं, की मी सरळ तुळशीच्या लग्नाचा दाखला द्यायची. माझ्याकडं दुसरा कुठला कागद नव्हता आणि मला त्याची गरजही वाटली नव्हती.

श्रावणात मामीनं वाळलेल्या मंजिऱ्यांची पुरचुंडी माझ्या हातात ठेवली होती.

"वृंदावनातली जुनी झालीय. नुसती काटकी राहिलीय. यंदा नवरी तुझ्या हातची. काळी लाव."

"मी? माझ्या हातची आली नाही तर?"

"न यायला काय झालंय? माझ्याजवळ एवढी वर्षं काय बघत होतीस?"

मी मंजिऱ्या तळहातावर चोळल्या, फुंकर मारून भुसा उडवला, बी बारीक मातीत मिसळून चाळणीनं चाळून टाकलं. रोपं वर आली तेव्हा त्यातलं एकच ठेवलं. मावा पडला तर चुलीतली राख आणायला मी पलीकडच्या गल्लीत जायची, कारण आमच्याकडं तोवर स्टोव्ह आला होता. मंजिरी दिसली की खुडायची, म्हणजे झाड वर पळत नाही, अंगानं भरतं. नवरात्रापर्यंत ते असं भरलं की गोदाक्का, गल्लीतली सगळ्यात म्हातारी बाई, मुद्दाम काठी टेकत बघायला आली. "शालन, तुझ्या दोन्ही नवऱ्या एकदमच उजळ झाल्या की गं," ती म्हणाली. मामी आत निघून गेली. मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून मीठमोहऱ्या आणायला गेली.

त्याच आठवड्यात मामीनं ट्रंकेतून तिचा लग्नातला शालू काढून उन्हात घातला.

"हा कशाला?" मी विचारलं.

"कसर लागते. आणि लागेलच की आता."

मी लाजून आत पळाले. आजही तो प्रसंग आठवला की स्वतःचीच कीव येते. लाजायचं काय होतं त्यात?

द्वादशीला दुपारी माझे वडील आले. मी त्यांना दादा म्हणायची. वर्षातून दोनदा यायचे, पिशवीत काजू नाहीतर फणसाच्या आठळ्या असायच्या, आणि पाव्हण्यासारखे पुढच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसायचे. त्या दिवशी पिशवी रिकामी होती.

"निपाणीचं बोलायला आलात ना?" पाणी देताना मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग मामाकडं. मामा म्हणाला, "दाजी, जेवून घ्या आधी. उपास सुटायचा असेल." दादा म्हणाले, त्यांचा उपास नव्हता.

दिवेलागणीला अंगण भरून गेलं. वृंदावन मी गेरूनं रंगवलं होतं, वर चुन्याची वेलबुट्टी. चारी बाजूंनी ऊस बांधले. बोरं, आवळे, चिंचा पायाशी ठेवल्या. तुळशीला हिरवी चोळी, हिरव्या बांगड्या, कपाळाच्या जागी देठाला कुंकू. मी स्वतः तिला नटवली. बाळकृष्णाला दुसऱ्या बाजूला पाटावर बसवला. पोरं फटाके हातात घेऊन "सावधान कधी, सावधान कधी" करत होती. भटजी म्हणाले, "चला, कन्यादानाला कोण आहे?"

मीच पुढं झाले. "काकू, या की. काका कुठायत? पाट मांडलेत."

चव्हाणकाकू जागची हलली नाही. तिनं मामीच्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. "अगं, मला नाही सांगितलं यंदा," ती म्हणाली.

दारातून मामी आली. शालू नेसलेली, नाकात नथ, केसात आबोली. मागं मामा, सोवळ्यात. दोघं येऊन पाटांवर बसली. मामीनं पदर सावरला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "वैजू, तांब्या दे."

मी तांब्या दिला. खरंच दिला. काय चाललंय ते मला कळत नव्हतं आणि हात सवयीनं काम करत होते. मामानं ओंजळ पुढं केली, मामीनं तिच्यावर पाण्याची धार धरली आणि भटजी मंत्र म्हणू लागले. माझ्या शेजारी गोदाक्का होती. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून ती नेहमी मोठ्यानं बोलायची.

"बरं केलंस शालन. पोटची नसली की हे पुण्य तरी पदरात पाडून घ्यावं."

कुणीतरी तिला गप्प केलं. मग मंगलाष्टकं झाली, सगळ्यांनी अक्षता टाकल्या, फटाके वाजले. मीही अक्षता टाकल्या असाव्यात, कारण नंतर माझ्या मुठीत काही नव्हतं.

लोक प्रसादाच्या चुरमुऱ्यांभोवती जमले तशी मी स्वयंपाकघरात गेले. मामी पातेल्यात दूध ढवळत उभी होती, अंगावर शालू तसाच.

"मामी, शालू ह्यासाठी काढला होतास?"

"बाजूला हो. दूध उतू जाईल."

"जाऊ दे. मला सांग. चव्हाणकाकूचा मान तू का घेतलास?"

"तिचा कसला मान? आधी आमचाच होता तो."

"मी आल्यावर तू सोडला होतास."

मामीनं स्टोव्हची हवा सोडली. तो फुस्स करून विझला आणि बाहेरचा गोंगाट एकदम मोठा झाला.

"थोरल्या भावजींच्या अजितला दत्तक घेतोय आम्ही," ती म्हणाली. "आठवीत आहे. पुढच्या महिन्यात विधी आहे."

"घ्या की. मी कुठं नको म्हणते? मला भाऊ होईल."

"भावजी म्हणाले, आधी मुलगी तिच्या घरी पोचवा, मग पोरगा देतो. इथून तुझं लग्न झालं, आम्ही तुझं कन्यादान केलं, म्हणजे तू आमची लेक झालीस. उद्या जावई दारात येऊन हक्क सांगू लागला तर? त्यांचंही बरोबर आहे. म्हणून दाजींना बोलावलंय. तुझं लग्न तुझ्या आईबापानं लावायचं. निपाणीवाल्यांना तसा निरोप गेलाय. त्यांची काही हरकत नाही."

"कन्यादान केलं म्हणजे लेक झाले? मग आत्तापर्यंत मी कोण होते?"

तिनं जरा विचार केला. ते मला सगळ्यात जास्त लागलं, की तिला विचार करावा लागला.

"नणंदेची मुलगी," ती म्हणाली. "त्यात खोटं काय आहे?"

"तू म्हणाली होतीस, माझं कन्यादान तुम्ही करणार. सगळ्या गल्लीसमोर म्हणाली होतीस."

"आमचं कन्यादान झालं की आत्ता."

केसानं गळा कापणं म्हणतात ते मी आजवर बोलायची पद्धत समजत होते. त्या दिवशी कळलं की ते खरंच तसंच असतं. आधी काही लागत नाही, मग मान वळवता येत नाही.

"कधी ठरलं हे?" मी विचारलं.

"श्रावणात."

"श्रावणात? मग तू मला ती लावायला सांगितलीस तेव्हा..."

"तेव्हा ठरलं होतं."

"मला का नाही सांगितलंस? ती रोज पाणी घालून, राख आणून, मी तिला..."

"सांगितलं असतं तर एवढ्या मायेनं वाढवली असतीस?" मामी म्हणाली. ती खोचून बोलली नव्हती. घरातलं एखादं काम कुणाला द्यावं ते जसं साधेपणानं बोलतात तसं बोलली. मग तिचा आवाज थोडा बदलला. "वैजू, मला म्हातारपणी घरात मुलगा हवा गं. तू काय, जाणारीच होतीस. इथून नाहीतर तिथून."

"माझ्यावर तुळशीपत्र ठेवलंस म्हण की."

"तसं म्हणायचं तर म्हण," ती म्हणाली आणि दुधावरची साय बाजूला करू लागली.

मी अंगणात आले. मामा उसाच्या गाठी सोडत होता. ज्या गाठी मी दुपारी त्याच्या हाताखाली धरल्या होत्या त्याच.

"मामा, हे खरं आहे?"

"दाजी एकटेच बसलेत पुढं. त्यांच्याजवळ जाऊन बैस जरा."

"मी तुम्हाला विचारतेय."

त्यानं गाठ सोडली, दोरी गुंडाळली, खिशात घातली. "बाळ, घरात माझं ऐकतंय कोण?"

त्या घरात डाळीत मीठ किती घालायचं इथपासून सगळं त्याचंच ऐकलं जायचं. मामी त्याला विचारल्याशिवाय माहेरी पत्र टाकत नसे. मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. त्यानं एक ऊस माझ्यापुढं धरला, "खा," म्हणाला. मी तो घेतला नाही. आयुष्यात त्याला पहिल्यांदा नाही म्हटलं, तेही उसाला!

पुढच्या खोलीत दादा खुर्चीच्या कडेवर बसले होते, हातात चुरमुऱ्यांचा द्रोण तसाच.

"सकाळच्या गाडीनं निघायचं का?" त्यांनी मलाच विचारलं. मग माझा चेहरा पाहून उभे राहिले. "तुला सांगितलं नव्हतं कुणी?"

"नाही."

"मला तर तुझ्या मामानं, आनंदरावांनी लिहिलं होतं, वैजू स्वतःच यायचं म्हणतेय." त्यांनी हातातला द्रोण खुर्चीवर ठेवला. "तुझ्या आईनं मधली खोली सारवून ठेवलीय. चादर नवी आणलीय," ते शेवटी म्हणाले, जणू चादरीनं काही भरून निघणार होतं. बिचाऱ्यांकडं दुसरं द्यायला तरी काय होतं?

सकाळी मामीनं नेहमीसारखा काढ्याचा पेला माझ्यापुढं ठेवला. "गरम आहे तोवर पी. वाटेत वारं लागतं." मी प्यायले. भिरकावून द्यायला हवा होता असं मला नंतर कित्येक वर्षं वाटत राहिलं, पण रोजची सवय एका रात्रीत मोडत नाही. चव्हाणकाकू दारात येऊन रडली. मामी रडली नाही, माझ्या हातावर दही ठेवलं. अंगणात तुळस हिरव्या बांगड्या लेवून वृंदावनात उभी होती. तिचं लग्न झालं तरी ती जागच्या जागी राहिली होती आणि बिनलग्नाची मी घराबाहेर पडत होते. तुळशीवर मी कधी राग धरला नाही. तिनं काय केलं होतं? आजही माझ्या गॅलरीत काळी आणि पांढरी दोन्ही आहेत. फक्त तिचं लग्न मी लावत नाही. सून लावते, मी तेवढा वेळ देवळात जाते.

माघात गावी माझं लग्न झालं. मामा-मामी आदल्या दिवशी आली. अजित बरोबर नव्हता, त्याची परीक्षा होती म्हणे. मामीनं मला पैठणी आणली होती आणि सगळ्यांना उलगडून दाखवत होती. आई तिचे आभार मानत होती. आईला कुणी काही सांगितलं नव्हतं आणि मीही नाही. आधीच तिला माझ्याशी काय बोलावं कळत नसे, रोज विचारायची, "तुला भाजी तिखट चालते काय?"

मुहूर्ताला भटजींनी हाक दिली, "मुलीचे मामा! मुलीला घेऊन या."

आमच्याकडं नवरीला मांडवात आणायचं काम मामाचंच. मला ते ठाऊक होतं, तरी हाक ऐकून मी दचकले. मामा आला. डोक्याला फेटा, खांद्यावर आमच्या घरचा मानाचा टॉवेल. त्यानं माझं कोपर धरलं. चालताना तो खाली बघून एवढंच म्हणाला, "वैजू, सांभाळून. दोरी आहे पायात." मंगलाष्टकं होईपर्यंत तो माझ्या पाठीशी उभा राहिला. त्याचा श्वास मला मानेवर जाणवत होता. लहानपणी सायकलच्या पुढच्या दांडीवर बसायची तेव्हा जाणवायचा, तसाच.

अंतरपाट खाली गेला, माळा घातल्या. भटजींनी पाट मांडायला सांगितले.

"कन्यादानाला आईवडील पुढं या. मामांचं काम झालं, मामांनी मागं सरावं."

मला वाटलं, तो सरणार नाही. वेडेपणा होता, पण मला खरंच तसं वाटलं. इतक्या माणसांत, भटजींच्या तोंडावर, तो म्हणेल, थांबा जरा, हिला मी सायकल शिकवलीय, गोवर आला तेव्हा रात्ररात्र मांडीवर घेऊन बसलोय, मी कुठं मागं सरू? मी श्वास धरून थांबले.

माझं कोपर सुटलं. "सरा, सरा, वाट द्या," मागं कुणीतरी म्हणत होतं. मी वळून पाहिलं नाही असं मी सगळ्यांना सांगते. मी पाहिलं होतं. मामीनं खुर्चीवरची तिची पर्स उचलून मांडीवर घेतली आणि मामा तिच्या शेजारी बसला.